घेतलं लोकांकडून, दिलं लोकांना

७ ऑगस्ट २०२३. हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियममध्ये गुम्मडी विठ्ठल राव यांचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. आदल्या दिवशी, ६ ऑगस्टला, रुग्णालयात त्यांचं निधन झालं. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन थोडेच दिवस झाले होते. रांगेत मंत्री होते, सिनेमातली माणसं होती, विद्यार्थी होते आणि खेड्यापाड्यांतून रात्रभर प्रवास करून आलेले लोक होते. दप्पू, म्हणजे तेलंगणातले डफ, वाजत होते. अंत्ययात्रा गन पार्कवरून अलवालकडे निघाली आणि वाटभर लोक त्यांचीच गाणी म्हणत राहिले. गर्दी इतकी होती, की त्यांचे जुने स्नेही आणि ‘सियासत’ या उर्दू दैनिकाचे व्यवस्थापकीय संपादक झहीरुद्दीन अली खान यांना तिथेच हृदयविकाराचा झटका आला आणि तेही गेले. अलवालला विठ्ठल रावांनीच गरीब मुलांसाठी सुरू केलेल्या महाबोधी शाळेच्या आवारात बौद्ध पद्धतीनं दफनविधी झाला.

तेलंगणा सरकारनं शासकीय इतमामाचा आदेश काढला होता. ज्या पोलिसांनी एके काळी या माणसाचा माग काढला, त्याच दलानं त्याला मानवंदना दिली. नक्षलवाद्यांशी लढताना मारल्या गेलेल्या पोलिसांची आठवण करून देत काही संघटनांनी या इतमामाला विरोध केला. दुसरीकडे, बंदी असलेल्या माओवादी पक्षानंही पत्रक काढून शोक व्यक्त केला. सरकार आणि सरकारविरुद्ध शस्त्र उचललेला पक्ष, दोघांनाही एकाच माणसापुढे मान झुकवावीशी वाटली.

हा माणूस म्हणजे गद्दर. तेलुगू मुलखात त्यांना दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नाही. स्वातंत्र्यापूर्वी परदेशात उभ्या राहिलेल्या गदर पार्टीवरून हे नाव आलं आणि मूळ नाव मागे पडलं. पक्ष, सरकार, सिनेमा, आंदोलन यांतल्या प्रत्येकानं कधी ना कधी गद्दर यांना आपलं म्हटलं. त्यांचं गाणं मात्र यांपैकी कुणाचंच झालं नाही. ज्यांच्याकडून चाल घेतली त्यांनाच ते परत द्यायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवहार होता, आणि या लेखात मला तोच सांगायचा आहे.

काचीगुड्याहून पाहताना

काचीगुड्यात राहणाऱ्या मराठी माणसाला गद्दर परके वाटत नाहीत, याचं कारण इथल्या भूगोलातच आहे. कमानी आणि घुमट असलेलं काचीगुड्याचं स्टेशन १९१६ साली, निजामाच्या काळात उभं राहिलं. निजामाच्या रेल्वेचा मोठा कारभार इथून चाले. निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत ही लाइन मनमाडला जाते. पूर्वी ती मीटरगेज होती. अजिंठा एक्स्प्रेसनं गावाकडून आलेली, काचीगुड्याला उतरलेली आणि आसपासच्या गल्ल्यांतच राहिलेली कितीतरी मराठी कुटुंबं या भागात आहेत. जांबागेतलं विवेकवर्धिनी, मराठी साहित्य परिषद, मराठी ग्रंथसंग्रहालय, या सगळ्या संस्था या वस्तीच्या टप्प्यातल्याच.

हैदराबाद संस्थानात तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कानडी मुलखाचे तीन जिल्हे होते. जुलूम तिन्हीकडे एकाच राजवटीचा होता. तेलंगणात जमीनदाराला ‘दोरा’ म्हणतात आणि त्याच्या कोटासारख्या वाड्याला ‘गडी’. दोराच्या शेतात फुकट राबणं म्हणजे वेट्टी, आपली वेठबिगार. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात दोड्डी कोमरय्या हा तरुण देशमुखाच्या माणसांच्या गोळीनं पडला आणि तेलंगणाचा सशस्त्र शेतकरी लढा पेटला. पुढे १९४८च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झालं, तरी हा लढा १९५१पर्यंत चालू राहिला.

मराठी शाहिरी तेव्हा गप्प बसली नव्हती. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या अण्णाभाऊ साठे यांनी तेलंगणाच्या संग्रामावर पोवाडा रचला. म्हणजे गद्दर गाणं म्हणायला लागण्याच्या कितीतरी आधी तेलंगणाच्या शेतमजुराची कथा मुंबईच्या कामगार वस्तीत डफावर गाजत होती. १९५६ साली भाषावार राज्यं झाली. मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात गेला, तेलंगणा आंध्र प्रदेशात. एका राजवटीखाली भरडलेल्या या माणसांची गाणी मग दोन राज्यांत विभागली गेली.

तूप्रानचा विठ्ठल

विठ्ठल राव यांचा जन्म मेदक जिल्ह्यातल्या तूप्रानचा, १९४०च्या दशकाच्या अखेरचा. कुटुंब दलित, आईवडील मजुरी करणारे. शिकून पुढे जायचं हेच घरातलं एकमेव भांडवल होतं, आणि मुलगा खरोखर शिकला. उस्मानिया विद्यापीठात तो इंजिनिअरिंगला दाखल झाला. याच विद्यापीठानं १९५३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सन्मान्य डॉक्टरेट दिली होती. दलित मुलांच्या लेखी उस्मानियाचं नाव तेव्हापासून मोठं होतं.

१९६९ साली वेगळ्या तेलंगणासाठी मोठं विद्यार्थी आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात अनेक तरुण मारले गेले. गन पार्कमधलं हुतात्मा स्मारक त्यांचंच. त्या पिढीचा तरुण नोकरीकडे वळला तरी मनातला जाळ विझवू शकत नव्हता. विठ्ठल रावांचं तसंच झालं. गळा होता, गावाकडच्या गाण्यांचा साठा होता, बुर्रकथा हा तेलुगू कथागायनाचा प्रकार सादर करण्याची सवय होती. कमी होती ती फक्त कुणीतरी योग्य वाट दाखवण्याची.

ती वाट चित्रपट दिग्दर्शक आणि चित्रकार बी. नरसिंग राव यांच्यामुळे सापडली. हैदराबादेत त्यांनी कलाप्रेमी तरुणांचा गट जमवला होता. त्यातूनच १९७२च्या सुमारास जन नाट्य मंडळी उभी राहिली आणि पुढे नक्षलवादी चळवळीचं कलापथक झाली. याच मंडळीत आंध्रच्या उत्तर किनाऱ्याकडचे वंगपंडू प्रसाद राव हे दुसरे ताकदीचे गीतकार-गायक होते. गद्दर यांनी सुरुवातीच्या काळात केलेलं एक गाणं रिक्षा ओढणाऱ्याला उद्देशून होतं. रस्त्यावर भेटलेल्या माणसाला थांबवावं आणि त्याच्याशी त्याच्याच आयुष्याबद्दल बोलावं, अशी त्याची रीत. पुढच्या पन्नास वर्षांच्या गाण्यांचा ढंग या एका गाण्यात ठरून गेला. समोरच्या माणसाशी थेट बोलायचं, त्याच्याविषयी दुसऱ्या कुणाशी बोलत बसायचं नाही.

पोटापाण्यासाठी १९७५ साली ते कॅनरा बँकेत कारकून झाले. दिवसा बँक आणि रात्री, सुट्टीच्या दिवशी गाणं, असं काही वर्षं चाललं. १९८४ साली त्यांनी नोकरी सोडली. पत्नी विमला आणि लहान मुलं पदरात होती. सूर्य, चंद्र आणि चांदणं या अर्थांची सूर्युडू, चंद्रुडू आणि वेन्नेला ही नावं त्यांनी मुलांना दिली होती. बँकेतली पक्की नोकरी सोडण्याचा अर्थ काय, हे मजुराच्या घरातून आलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घोंगडी, काठी, घुंगरू

गद्दर यांना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं, त्यांना आधी त्यांचं रूप आठवतं. उघडं अंग, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, खांद्यावर धनगरी घोंगडी, पायात घुंगरू, हातात काठी आणि तिला लाल फडकं. ही घोंगडी तेलंगणातल्या कुरुमा धनगरांची. हेच लोक मल्लण्णाची कथा ‘ओग्गुकथा’ म्हणून मोठ्या ढोलावर सांगतात. आपल्याकडे वाघ्या-मुरळी ज्या खंडोबाचं जागरण घालतात, त्याच्याशी जवळचं नातं असलेला हा देव. आपल्या माणसांच्या देवाधर्माच्या विधींत जे कपडे, जी वाद्यं, जी लय असते, ती गद्दर यांनी रंगमंचावर आणली. त्यामुळे शेतमजूर बाईला ‘आता आपल्याला कुणी राजकारण शिकवणार’ अशी भीती वाटत नसे. तिला वाटे, हा आपल्याच वाडीतला कुणीतरी आहे.

दुसरा आधार बुर्रकथेचा. आपल्या पोवाड्यात मुख्य शाहीर गातो आणि मागे झीलकरी साथ देतात. बुर्रकथेत तिघं असतात. मधला मुख्य कथेकरी तंबुरा खांद्याला लावून नाचत गातो आणि दोन बाजूंना दोन जोडीदार. एक जोडीदार विनोद करून हसवतो, दुसरा चालू राजकारणावर बोलतो. कथा पुराणातली असली तरी हा दुसरा तिला आजच्या बाजारभावाला आणून सोडतो. शेख नाझर यांनी प्रजा नाट्य मंडळीतून १९४०च्या दशकात बुर्रकथेला लढ्याचं साधन बनवलं होतं. पुढे त्यांना पद्मश्रीही मिळाली. गद्दर यांनी या तिघांची कामं बरीचशी एकट्याच्या अंगावर घेतली. गाता गाता ते थांबत, बोलत, प्रश्न विचारत, हसवत आणि पुन्हा त्याच तालात गाण्यात शिरत. काठीचा कधी नांगर होई, कधी बंदूक. फडक्याचं कधी झोळीतलं मूल होई, तर कधी डोक्यावरचं ओझं.

गाणी कशी घडत, हे समजून घेण्यासारखं आहे. जन नाट्य मंडळीची माणसं गावात जात, लोकांबरोबर बसत आणि त्यांची गाणी ऐकत. लावणी-कापणीची गाणी, जात्यावरची गाणी, अंगाई, मयताला रडताना बायका म्हणतात ती गाणी, बतुकम्मा या फुलांच्या सणातल्या फेराची गाणी. त्यांतली चाल आणि ध्रुपद उचलायचं, त्यात नवा आशय भरायचा आणि पुन्हा त्याच लोकांपुढे म्हणून बघायचं. लोकांच्या तोंडी जी ओळ बसत नाही, ती टाकून द्यायची. पक्षाच्या पुस्तकातला जड शब्द असेल, तर तो इथे गळून पडे. अखेर उरे ते तेलंगणाच्या रोजच्या बोलीतलं गाणं. ती बोली त्या काळी शाळेत, आकाशवाणीवर आणि सिनेमात खालच्या दर्जाची मानली जाई. गद्दर यांनी तिला सभेच्या व्यासपीठावर नेलं.

मुलीच्या जन्मावरचं त्यांचं एक गाणं तेलुगू घराघरांत माहीत आहे. अमावस्येच्या रात्री मुलगी जन्मते. सासरच्यांनी तोंड फिरवलेलं असतं, नवराही जवळ येत नाही. सगळं गाणं त्या बाळंतिणीच्या बाजूनं उभं राहतं. प्रत्येक ओळीनंतर बायकांच्या फेरातलं जुनं ध्रुपद येतं. आपल्या भोंडल्याला जसं एकीनं सांगायचं आणि बाकीच्यांनी धरायचं, तसंच. पुढारी म्हणून कुणी घोषणा देत नाही, उपदेश करत नाही. पण ध्रुपद धरणाऱ्या प्रत्येक बाईला ती ओळ स्वतःच्या तोंडानं म्हणावी लागते, आणि म्हणता म्हणता ती साक्षीदार होते. भाषणानं हे होत नाही. गद्दर यांच्या कलेचं मर्म मला इथे दिसतं. ऐकणाऱ्याला त्यांनी कधी नुसतं ऐकू दिलं नाही.

‘मा भूमी’चा आवाज

गौतम घोष दिग्दर्शित ‘मा भूमी’ १९७९ साली तयार झाला. कृश्न चंदर यांच्या ‘जब खेत जागे’ या कादंबरीवर तो आधारलेला होता आणि बी. नरसिंग राव त्याचे एक निर्माते होते. तेलंगणाच्या शेतकरी लढ्याचा तो सिनेमा. त्यात गद्दर पडद्यावर येऊन निजामाला थेट आव्हान देणारं एक गाणं म्हणतात. हे गाणं त्यांचं नव्हे. लढ्याच्या काळात बंडी यादगिरी यांनी ते रचलं होतं. याच सिनेमात सुद्दाला हनुमंतू यांचंही गाणं आहे. तेही लढ्याचे शाहीर, गावोगाव गाऊन लोकांना जागं करणारे.

तेलुगू प्रेक्षकांच्या मोठ्या वर्गानं गद्दर यांना पहिल्यांदा पाहिलं, ते दुसऱ्या शाहिराचं गाणं गाताना. मला हे फार मोलाचं वाटतं. लोकगायकाची ओळख बहुधा ‘माझं गाणं’ म्हणून होते. गद्दर यांची ओळख मागच्या पिढीचं देणं पुढे नेताना झाली. यादगिरी आणि हनुमंतू यांची नावं आज तेलंगणात शाळकरी मुलांनाही माहीत आहेत, त्यात ‘मा भूमी’चा आणि त्या पडद्यावरच्या गळ्याचा वाटा आहे.

भूमिगत, आणि निजाम कॉलेजचं मैदान

१९८५ हे वर्ष आंध्र प्रदेशासाठी काळं ठरलं. १७ जुलैला प्रकाशम जिल्ह्यातल्या कारमचेडू गावात सवर्णांच्या जमावानं दलित वस्तीवर हल्ला करून माणसं मारली. साऱ्या राज्यात संताप उसळला. गद्दर यांनी त्या दलितांच्या धैर्यावर गाणं केलं आणि ते सर्वदूर पसरलं. त्या काळात नक्षलवादी चळवळीवर सरकारचा बडगाही जोरात होता. गद्दर भूमिगत झाले. पुढली सुमारे पाच वर्षं ते जंगलात आणि शेजारच्या राज्यांत फिरत राहिले, आदिवासींमध्ये राहिले, त्यांची गाणी शिकले आणि त्यांना आपली दिली.

१९९०च्या फेब्रुवारीत, चेन्ना रेड्डी मुख्यमंत्री झाल्यावर निर्बंध सैल झाले आणि गद्दर हैदराबादेत उघडपणे परतले. जन नाट्य मंडळीचा कार्यक्रम निजाम कॉलेजच्या मैदानावर ठरला. हे मैदान बशीरबागेत, काचीगुड्याहून फार लांब नाही. त्या दिवशी तिथे दोन लाखांच्या आसपास लोक लोटल्याचं नमूद आहे. व्यासपीठावर नटी नव्हती, सत्तेतला पुढारी नव्हता. लोक आले होते ते फक्त एका शाहिराचं गाणं ऐकायला आणि त्याच्याबरोबर म्हणायला. या शहरानं कवीला असा मान मुशायऱ्यांत अनेकदा दिला आहे. शेतमजुराच्या बोलीत गाणाऱ्या दलित माणसाला तो याआधी असा मिळाला नव्हता.

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्या चळवळीसाठी गद्दर गात होते ती सशस्त्र होती. तिच्यात पोलिस मारले गेले, खबरे ठरवून गावकरी मारले गेले, आणि चकमकींच्या नावाखाली कितीतरी तरुण मुलंही मारली गेली. गद्दर यांच्या गाण्यांनी काहींच्या हातात बंदूक दिली, हा आरोप त्यांच्यावर झाला आणि तो पूर्णपणे झटकून टाकता येणार नाही. मारल्या गेलेल्यांच्या आयांना वंदन करणारं त्यांचं गाणं ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. पण पोलिस शिपायाच्या आईचं दुःखही त्याच मातीतलं असतं. शेवटच्या वर्षांत गद्दर स्वतःच बंदुकीपासून दूर झाले, याचा अर्थ हा हिशोब त्यांच्याही मनात चालू होता, असं मला वाटतं.

१९९७

६ एप्रिल १९९७ रोजी सिकंदराबादजवळच्या वेंकटापुरम इथल्या त्यांच्या घरी बंदूकधारी आले आणि त्यांनी गद्दर यांच्यावर गोळ्या झाडल्या. डॉक्टरांनी त्यांना वाचवलं, पण पाठीच्या कण्याजवळ रुतलेली एक गोळी काढणं धोक्याचं होतं, म्हणून ती तशीच ठेवली. पुढची सव्वीस वर्षं ती गोळी शरीरात घेऊन ते नाचले आणि गायले.

त्याच वर्षी मुंबईत ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा माणसं गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत जीव दिला. आव्हान नाट्य मंचाचा हा शाहीर. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’मध्ये झोपडपट्टीचं गाणं म्हणणारा त्यांचा आवाज अनेकांनी ऐकलेला आहे. त्यांच्या मृत्यूतून पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट सुरू झाला आणि चौदा वर्षांनी, २०११ साली, पुरा झाला.

एका वर्षात, तीन महिन्यांच्या अंतरानं, दोन दलित शाहिरांवर हे ओढवलं. दोघंही डाव्या चळवळीत होते, आणि दोघांच्याही गाण्यात मार्क्सबरोबर बाबासाहेब होते. पण चळवळीत जातीचा प्रश्न कुठे ठेवायचा, यावर वाद होते. घोगरे यांनी अखेरच्या क्षणी डोक्याला निळं फडकं बांधलं होतं. गद्दर यांनीही आयुष्याच्या उत्तरार्धात बाबासाहेबांचं नाव पुढे धरलं आणि संविधानाची प्रत हाती घेऊन गायला सुरुवात केली. मुंबईच्या कलापथकांवर गद्दर यांच्या सादरीकरणाची छाप पडली होती, आणि गद्दर ज्या परंपरेत उभे होते तिच्या मुळाशी अण्णाभाऊंसारख्यांचं गाणं होतं. ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली.

मुंबईतली कामाठीपुरा ही वस्ती तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांच्या नावावरून ओळखली जाते. सोलापूर आणि भिवंडीचे माग पद्मशाली विणकरांनी चालवले. महबूबनगरचे ‘पालमूर’ मजूर पुण्या-मुंबईतल्या इमारतींवर आजही विटा वाहतात. या वस्त्यांत गद्दर यांची गाणी तेलुगूतूनच पोचली, कॅसेटवर आणि माणसांच्या तोंडून. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांच्या मध्यावर गद्दर गायले जात होते, आणि शेजारच्या गल्लीतल्या मराठी माणसाला त्याची कल्पना नव्हती.

सरकारशी बोलणी, तेलंगणाचं गाणं

२००४ साली सरकार आणि माओवादी यांच्यात बोलणी झाली. त्यासाठी जे दूत नेमले गेले, त्यांत कवी वरवरा राव आणि कल्याण राव यांच्याबरोबर गद्दर होते. त्यापूर्वी २००२ साली झालेल्या प्रयत्नातही त्यांचा सहभाग होता. ऑक्टोबर २००४मध्ये हैदराबादेत चर्चेची फेरी झाली. काही महिन्यांतच सगळं फिसकटलं. पण शाहिराला मध्यस्थ म्हणून बोलावलं जावं, यातून त्याच्या शब्दाला किती वजन होतं ते कळतं.

वेगळ्या तेलंगणाच्या आंदोलनात त्यांचा आवाज पुन्हा गावोगाव घुमला. तेलंगणाला आई म्हणून हाक मारणारं त्यांचं गाणं १९९०च्या दशकापासून लोकांच्या तोंडी होतं. २०१०मध्ये त्यांनी तेलंगणा प्रजा फ्रंट काढला. २०११च्या ‘जय बोलो तेलंगणा’ या चित्रपटात उगवत्या सूर्यावर चाललेल्या काळाचं त्यांचं गाणं आलं. पडद्यावर गाणारेही तेच होते, आणि ते गाणं आंदोलनाचं ब्रीद बनलं. धूम-धाम नावाच्या सांस्कृतिक मेळ्यांत ते हजारो तोंडी म्हटलं गेलं. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झालं.

त्याआधीही त्यांची एक रचना सिनेमात गाजली होती. ‘ओरे रिक्शा’ या १९९५च्या चित्रपटात भावानं बहिणीला उद्देशून म्हटलेलं गाणं. बहिणीच्या पायावरची जन्मखूण होऊन तिच्या ऋणातून मुक्त व्हावं, अशी त्या भावाची इच्छा. रक्षाबंधनाला तेलुगू घरांत ते गाणं आजही वाजतं. त्याला सरकारी नंदी पुरस्कार मिळाला, पण गद्दर यांनी तो घेतला नाही. ज्या सरकारविरुद्ध आपण गातो त्याच्याकडून शाबासकी नको, ही त्यांची भूमिका होती.

शेवटच्या काही वर्षांत त्यांनी पुष्कळांना बुचकळ्यात टाकलं. माओवादी मार्ग सोडल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि ते देवळांत गेले. आयुष्यभर निवडणुकीवर बहिष्काराची गाणी गायलेल्या या माणसानं २०१८ साली पहिल्यांदा मतदान केलं. ते काँग्रेसच्या नेत्यांना भेटले आणि मृत्यूच्या काही आठवडे आधी त्यांनी स्वतःच्या पक्षाची घोषणाही केली. जुन्या सहकाऱ्यांना ही माघार वाटली. मला ती तशी वाटत नाही. लोक ज्या देवळात जातात तिथे आपण का जायचं नाही, लोक ज्या मतपेटीत आशा ठेवतात ती आपण का नाकारायची, हा प्रश्न त्यांच्या गाण्याच्या रीतीतूनच निघाला. लोकांच्या तोंडी न बसणारी ओळ टाकायची, हा नियम त्यांनी अखेर स्वतःच्या राजकारणालाही लावला.

सन्मानानंतर

३१ जानेवारी २०२४ रोजी तेलंगणा सरकारनं नंदी पुरस्कारांच्या जागी गद्दर यांच्या नावानं पुरस्कार द्यायचं जाहीर केलं. जून २०२५मध्ये गद्दर तेलंगणा चित्रपट पुरस्कारांचा पहिला सोहळा हैदराबादेत झाला. पद्म सन्मानासाठी राज्यानं त्यांचं नाव पाठवलं, तेव्हा केंद्रातून त्याला उघड विरोध झाला आणि त्यावरून वाद पेटला. कन्या वेन्नेला आज राज्याच्या सांस्कृतिक संस्थेचं काम पाहतात. पुरस्कार आणि पुतळे होतील, आणि ते व्हावेतही. एका दलित मजुराच्या मुलाच्या नावानं राज्याचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार असणं ही लहान गोष्ट नाही.

पण गाणं पुरस्कारानं टिकत नाही. गाणाऱ्यांची संख्या कमी झाली की ते पुस्तकात जाऊन बसतं. बतुकम्माच्या फेरातल्या चाली आज डीजेच्या ठोक्याखाली दबत आहेत. बुर्रकथेच्या तिघांपैकी राजकारणावर बोलणाऱ्या जोडीदाराला मंच मिळेनासा झाला आहे. आपल्याकडे जलसे आणि कलापथकं यांचं काय झालं, हे ठाऊक असणाऱ्याला तेलंगणाची ही काळजी नवी नाही.

म्हणून या शहरातल्या मराठी माणसांकडे मी एक काम मागतो. आपण दोन्ही भाषा रोज बोलतो. तेलुगू शेजाऱ्याच्या घरातला फेर आपल्याला कळतो आणि गावाकडचा पोवाडाही. गद्दर, यादगिरी, हनुमंतू, वंगपंडू यांची गाणी चालीसकट मराठीत आणणं, आणि अण्णाभाऊ, वामनदादा कर्डक, विलास घोगरे यांची तेलुगूत नेणं, हे काम पुण्यात किंवा दिल्लीत बसून होणार नाही. ते काचीगुडा, नारायणगुडा, सुलतान बाजार या टापूत होऊ शकतं. इथल्या शाळांतून, ग्रंथालयातून, गणेशोत्सवाच्या मंडपातून ते सुरू करता येईल. चाल आधी ऐकायची, ध्रुपद लोकांच्या तोंडी बसतंय का ते पाहायचं, न बसणारा शब्द बदलायचा. काम कसं करायचं ते गद्दर यांनी करून दाखवलंच आहे. अण्णाभाऊंनी तेलंगणाला मराठीत पोवाडा दिला, त्याला पंच्याहत्तर वर्षं उलटून गेली. तेलंगणाकडून आलेलं गाणं मराठीत आणायची पाळी आता आपली आहे.